दहावा आणि अकरावा चौकोन

४ फेब्रुवारी

आत्याला सलाम.

तुझं पार्सल मिळालं. म्हणजे आधी मिस्त्रीला मिळालं. त्यानं ते कानाशी धरून हलवलं, नाकाशी नेलं आणि सगळ्यांसमोर फोडलं. आमच्या खोकी ठोकायच्या कारखान्यात कुणाला काही आलं की सगळे हातोडे खाली ठेवून जमतात, जसं काही बाळ जन्मलंय. आत निघालं काय? दोन पेन्सिली, एक रबर आणि अंगठ्याएवढे कागदाचे चार चौकोन. मिस्त्री म्हणाला, "भोवऱ्या, आत्यानं तुला परत बालवाडीत घातलं की काय?" (इथंही मला भोवराच म्हणतात. मी सांगितलं नव्हतं. दोन दिवस माझं चालणं बघून त्यांनीच ठेवलं.)

आत्या, भानगड काय आहे? दीड वर्षात तुझी पत्रं आली ती चार ओळींची. तब्येत बरी आहे, मांजर बरं आहे, चर्चचं छप्पर गळतंय, देव तुझं भलं करो. आणि आता एकदम चर्चच्या भिंतीसाठी प्रभूचा चेहरा काढ म्हणतेस. मी! चौथीनंतर शाळेचं तोंड न बघितलेला. दिवसभर कानावर पेन्सिल खोचून हिंडतो हे खरं, पण ती फळीवर खूण करायची. तिनं मी आजवर रेघ सोडून काही काढलेलं नाही.

आणि काढायचंच असेल तर अख्खं चित्र पाठव ना. हे चौकोन-चौकोन काय? विसातले चार आत्ता, बाकीचे मागाहून, तेही उलटे धरून काढायचे, आणि प्रत्येकाच्या पाठीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. का चिकटवलंस? कागद फाटका होता की काही झाकलंयस?

तरी चारही काढले. तू लिहिलंस तसे चौपट मोठे, जाडसर कागदावर. उलटे धरले होते तोवर वाटत होतं, तारेचं भेंडोळं आहे. सुलटे केल्यावर कळलं की काटे आहेत, मुकुटाचे. सोबत पाठवतोय, बघून परत पाठव. एक सांगतो, हसू नकोस. मी तासभर एका जागी बसलो होतो. मिस्त्री येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेला, ताप बघायला.

सविस्तर लिही. चार ओळी चालणार नाहीत.

तुझा,
भोवरा


१५ फेब्रुवारी

भोवऱ्या बाळा,

संशय घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. लहानपणी मी गोळी दिली तरी आधी मांजराला चाटवायचास, मग स्वतः खायचास. ते मांजर बिचारं माझ्यामुळे नाही, तुझ्यामुळे बारीक राहिलं.

भानगड काही नाही. छप्पर गळून वेदीमागचं छापील चित्र भिजलं. प्रभूच्या गालावर बुरशी आली, मग ते उतरवलं. आता छप्पर झालं, भिंतीला पांढरा रंग झाला. वीस एप्रिलला चर्च पुन्हा उघडणार. मी इतकी वर्षं तिथली फरशी पुसते, रिकामी भिंत मला बघवत नाही. छापील आणा म्हणशील, तर छापील नको आहे. आपल्या घरच्या हातचं हवं. बस्स.

तुझे चौकोन आम्ही खिडकीच्या काचेला लावून बघितले. वाईट नाहीत. पण तू पेन्सिल कुऱ्हाडीसारखी धरतोस. मागून कागदावर हात फिरवला तर रेघा बोटाला लागतात, इतकं दाबलंयस. पेन्सिल धरायची ती झोपलेल्या बाळाचं बोट धरल्यासारखी. आधी कडक पेन्सिल घे, नुसता श्वास टाकल्यासारखी आखणी कर. मऊ पेन्सिल शेवटी. काळं करायचं असेल तर जोर वाढवायचा नाही, थर वाढवायचे. एकावर एक, चार-पाच. मनगट वळवू नकोस, कागद वळव.

सावली बोटानं पसरू नकोस, बोटाचं तेल लागतं आणि डाग पडतो. दुसऱ्या चौकोनावर पडलाय बघ. कागदाची घट्ट सुरळी कर आणि तिच्या टोकानं पसरव. आणि रबर चुका पुसायला नाही. रबरानं उजेड काढायचा. आधी सगळं करडं करून घे, मग जिथं प्रकाश पडलाय तिथून करडं उचल.

उलटं धरून काढायचं कारण असं. चेहरा सुलटा दिसला की माणूस डोक्यातला चेहरा काढतो, समोरचा नाही. उलटा असला की नुसत्या रेघा दिसतात, आणि रेघा खोटं बोलत नाहीत.

हे सगळं एका जुन्या पुस्तकात सापडलं. वर्तमानपत्र चिकटवलं ते कागद जुना आहे म्हणून. पाचवा ते नववा आणि बारावा चौकोन पाठवते आहे. कुणाला दाखवत बसू नकोस.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

चौकोन काढले. कपाळ आणि केस. या वेळी दाबलं नाही. बाळाच्या बोटाचं वाचलं आणि का कोण जाणे, हात आपोआप हलका झाला. हे मी आधी कुठंतरी ऐकलंय. कुठं ते आठवेना, आणि न आठवणारी गोष्ट मला खिळ्यासारखी टोचते, तुला माहीत आहे.

आता माझे प्रश्न. एकेकाचं उत्तर दे, गोल गोल फिरू नकोस. भोवरा मी आहे, तू नाहीस.

आत्या, तू जन्मात कधी पेन्सिल धरलीस? तू वाण्याची यादीसुद्धा तोंडपाठ करून जातेस. आणि आता मला थर आणि उजेड शिकवतेस? अक्षर तुझं आहे, पण शब्द तुझे नाहीत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नीट काढ, नाहीतर कान पिळीन." कोण सांगतंय तुला हे? पुस्तकात सापडलं म्हणतेस. कुठलं पुस्तक? तुझ्या घरात बायबल आणि गाण्यांची वही सोडून पुस्तक नाही.

"आम्ही" खिडकीला लावून बघितले. आम्ही म्हणजे कोण? आतोबा जाऊन सहा वर्षं झाली. तू एकटी राहतेस.

नववा पाठवलास, बारावा पाठवलास. दहावा आणि अकरावा कुठं आहेत? मी कागदावर मांडून बघितलं. चार-चारच्या पाच ओळी. दहावा आणि अकरावा म्हणजे बरोब्बर डोळे. डोळेच का नाहीत?

मला काय वाटतं ते सांगू? हे चित्र दुसऱ्या कुणाचं तरी आहे. कुणीतरी ते फाडून तुझ्याकडे आणलंय, तुला गोड बोलून गुंतवलंय, आणि नक्कल माझ्या हातून करून घेतायत. उद्या विचारणा झाली की तो माणूस पसार, आणि कागदावर बोटं माझी. गेल्या महिन्यात इथं एका पोरानं कुणाच्या तरी सांगण्यावरून खोक्यांवर भलताच शिक्का मारला. सांगणारा दुसऱ्या दिवशी आलाच नाही. पोरगा मात्र सगळ्यांच्या देखत फाटकाबाहेर गेला, डबासुद्धा इथंच राहिला त्याचा. ही माझी दोन वर्षांतली चौथी नोकरी आहे. हिच्यात मला टिकायचंय.

तू साधी आहेस. भल्या माणसाला चहा पाजतेस आणि चोरालाही पाजतेस. माणसाचं नाव सांग.

भोवरा


९ मार्च

भोवऱ्या,

आम्ही म्हणजे मी आणि मांजर. झालं समाधान?

आणि मी साधी आहे म्हणतोस, तर याच साधीनं तुला नवव्या वर्षापासून वाढवलं. तेव्हा नाही विचारलंस, आत्या, तुला चुलीवर दूध उतू न जाऊ देण्याचं कुठल्या पुस्तकात सापडलं? चित्र चोरीचं नाही. एवढ्यावर माझ्या शब्दाचा भरवसा ठेव.

कपाळ चांगलं झालंय. खरंच चांगलं. बघून बोलणं बंद झालं होतं. मांजराचं.

आता पुढचे आठ पाठवते, तेरावा ते विसावा. नाक, ओठ, दाढी, गळा. नाकाला रेघ मारू नकोस. नाकाला कडा नसते, एका बाजूला सावली असते, तेवढीच दे, नाक आपणहून पुढे येतं. ओठ मिटलेले आहेत, पण दाबलेले नाहीत. दोन ओठांमधली रेघ सगळीकडे सारखी काळी केलीस तर माणूस रागावलेला दिसेल. दाढीचे केस मोजत बसायचे नाहीत. झुबका झुबका सावली टाक आणि कडेला चार केस सुटे सोड, बघणारा बाकीचे मनात काढतो.

डोळ्यांचे चौकोन मागाहून. घाई करू नकोस.

आणि हे बघ, यातलं इथं कुणाला काही लिहू नकोस. चावीवाल्यांना तर मुळीच नाही. मी हात जोडते.

आत्या


१८ मार्च

आत्या,

"चावीवाल्यांना तर मुळीच नाही" हे वाचलं आणि त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत मी चावीवाल्यांना पत्र टाकलं.

आता रागावून उपयोग नाही, पत्र गेलंय. चर्चच्या चाव्या त्यांच्या कमरेला असतात. चर्चमधलं काही कमी झालं असेल तर त्यांना कळायला हवं. मी एवढंच विचारलं, की भिंतीसाठी चित्र काढायला मंडळीनं कुणाला सांगितलंय का, आणि माझ्या आत्याकडे सध्या कोण येतं-जातं. तुझ्यावर काही येऊ नये म्हणून लिहिलंय, की ती भोळी आहे, तिला कुणीतरी फसवतंय.

तू हात जोडलेस, तेच मला खटकलं. तू कधी हात जोडत नाहीस. तू हात उगारतेस.

आठ चौकोन काढून झाले. दाढी तू म्हणालीस तशीच जमली. काल सगळे कागद कारखान्याच्या फरशीवर जोडून मी पहिल्यांदा सुलटे बघितले. मध्ये दोन भोकं. मिस्त्री कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "चेहरा चांगला आहे रे. पण डोळे नाहीत तर माणूस आपल्याला ओळखतो की नाही, कसं कळणार?"

कागद सोबत पाठवत नाही. आता मी काहीच पाठवणार नाही, तू नाव सांगेपर्यंत.

भोवरा


२४ मार्च

आत्या,

तुझं उत्तर यायच्या आधी लिहितोय. मी एक गोष्ट केली.

इथं फळ्या जोडायला सरस वापरतात. तो डब्यात गरम करतात, त्याची वाफ निघते. वाफेवर धरलं की जुनं चिकटवलेलं सुटतं. मी तुझे चौकोन एकेक करून चिमट्यानं वाफेवर धरले. वर्तमानपत्र सुटलं.

पाठीमागे गणितं होती.

आधी वाटलं, कुठल्या तरी पोराचा रद्दी कागद. मग सात दिसला. मी सात उलटा काढायचो, गुरुजी त्यावरून मला बाकावर उभा करायचे. मग मी चौकोन पुढून न जोडता मागून जोडले. सहामाहीचा गणिताचा पेपर. चौथीचा. शंभरात बावीस. लाल शाईत, "पालकांनी येऊन भेटावे." खाली पालकांच्या सहीची जागा, ती कोरी.

आत्या, तो पेपर माझा आहे. हरवला होता. सही करून आणला नाही म्हणून गुरुजींनी मला आठवडाभर वर्गाबाहेर उभा केला. मी सगळं घर उपसलं. आई अंथरुणात होती, तिच्या उशीखालीसुद्धा बघितलं. तो पेपर तुझ्या भावाकडे होता. त्याच्या मागे तो चित्र काढत होता.

बाळाचं बोट कुठं ऐकलं तेही आठवलं. मी त्याच्या मांडीवर बसलो होतो आणि त्याच्या हातात माझा हात होता.

तो मला शेवटचं काय म्हणाला ते तुला माहीत आहे. आई खोकत होती. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "मऊ पेन्सिल संपली. कोपऱ्यावरून आणतो." मी उंबऱ्यावर बसलो. अंधार पडल्यावर तू मला उचलून आत नेलंस. अकरा वर्षं झाली. आई तर तीनच महिने होती त्यानंतर.

तुझ्या पार्सलमध्ये दोन पेन्सिली होत्या. त्यातली एक मऊ.

तो तुझ्या घरात आहे का? हो की नाही, एवढंच लिही.

आणि चावीवाल्यांना भेटून सांग, की माझं पत्र आलं तर फाडून टाका. पोरानं रागात लिहिलं म्हणावं. आज सकाळपासून मी कारखान्यात इतक्या फेऱ्या मारल्यात की मिस्त्रीनं मला सुतळीनं खांबाला बांधायची धमकी दिलीय.

भोवरा


२ एप्रिल

भोवऱ्या,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली, आणि दोन्ही उशिरा मिळाली. चावीवाल्यांना तुझं पत्र माझ्या आधी मिळालं होतं.

हो, होता.

होता असं लिहिते आहे, कारण आता नाही.

चार महिन्यांपूर्वी दारात येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. पाणी मागायला आलेला वाटला. पाण्याचा पेला दिला तर हात इतका थरथरला, की अर्धं पाणी अंगावर. हात बघून ओळखलं. त्या हातांनी कधी एक रेघ वाकडी काढली नव्हती. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, मला स्वर्गात जायचंय. तो उभा राहून ऐकत होता. मग खिशातून एक घडी काढली. तुझा पेपर. अकरा वर्षं त्यानं ती घडी बाळगली होती.

ते चित्र तुझ्या आईनं मागितलं होतं. ती म्हणायची, चर्चमधला छापील प्रभू वर आभाळाकडे बघतो. मला माझ्याकडे बघणारा हवा. तो काढायला बसला. घरात दुसरा कागद नव्हता. सगळा चेहरा काढला. डोळे राहिले. आपल्याकडे बघणारे डोळे काढायचे तर कुणीतरी समोर बघायला हवं, आणि समोर ती होती. तिच्याकडे बघवेना, असं तो म्हणतो. पेन्सिल संपली होती हे खरं होतं. कोपऱ्यापर्यंत गेला हेही खरं. पुढचं तो सांगत नाही आणि मी विचारलं नाही. त्याला माफ कर असं मी तुला कधी म्हणणार नाही. मीही केलेलं नाही. पण माणूस थरथरत होता, मी दार लावून घेतलं नाही.

त्याला एकच हवं होतं. ते चित्र भिंतीवर लागावं. त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, पोराकडे पाठवू. तो म्हणाला, अख्खं पाठवलंस तर तो माझा हात ओळखेल आणि फाडून टाकेल. म्हणून त्यानं स्वतःच कापलं, दोन दिवस लागले, कात्री हातात ठरेना. वर्तमानपत्र चिकटवायची अक्कलही त्याचीच. तू पाठवलेला प्रत्येक कागद तो खिडकीला लावून बघत बसायचा. तो बोलायचा आणि मी लिहायचे. तुझं कपाळ आलं त्या दिवशी बोलणं बंद झालं ते मांजराचं नव्हे.

परवाच्या रविवारी, सध्या शाळेच्या अंगणात भरते ती उपासना संपली आणि चावीवाले दोन माणसं घेऊन थेट घरी आले. हातात तुझं पत्र. चोर बघायला आले होते. तो खिडकीपाशी बसला होता. चावीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "अच्छा. तू होय." तेवढंच. मला म्हणाले, "बाई, चोर असता तर बरं होतं." आणि गेले. चहाच्या वेळेपर्यंत सगळी गल्ली माझ्या दारावरून दोनदा जाऊन आली होती.

सोमवारी मी फरशी पुसायला चर्चमध्ये गेले. परत आले तर अंथरुणाची घडी घातलेली. दहावा आणि अकरावा चौकोन त्यानं नेलाय. तुझ्या पत्राचं पाकीटही नेलंय, ज्याच्यावर तुझा पत्ता आहे. कुठं जातो ते लिहून ठेवलं नाही. त्याला आता बसवरची पाटी वाचता येत नाही.

तू बरोबर ओळखलंस, की कुणीतरी होतं. तेवढं बरोबर. पण तुझ्या बरोबर असण्याचं मी काय करू, सांग.

चित्राचं तुझ्यावर सोडते. वीस तारखेला भिंत रिकामी राहिली तर राहिली.

आत्या


९ एप्रिल

आत्याला सलाम.

काळजी करू नकोस. आहे.

गुरुवारी दुपारी रखवालदार सांगत आला, फाटकावर एक म्हातारा आहे, तुझ्या नावाचं पाकीट दाखवतोय, भिकारी दिसतो. मी गेलो. मला वाटलं होतं मी ओळखणार नाही. लांबूनच ओळखला. उभं राहण्याची पद्धत माझीच आहे, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

अकरा वर्षं मी मनात काय काय तयार करून ठेवलं होतं. एवढी मोठी भाषणं. तोंडातून निघालं ते एवढंच, "पेन्सिल मिळाली का?"

तो म्हणाला, "मिळाली. तुला पाठवली."

मिस्त्री मागून ओरडला, "फाटकातून आत तरी घ्या, ट्रक यायचाय."

त्याला एका खोक्यावर बसवलं. पाणी बाटलीतून दिलं, पेल्यातून नाही. त्यानं खिशातून दहावा आणि अकरावा काढून माझ्यापुढे ठेवला. डोळे राहिले असं तू लिहिलं होतंस, तरी मला वाटलं, पुसट आखणी तरी असेल. आत्या, ते कोरे आहेत. दोन्ही. एक रेघ नाही. मी महिनाभर डोकं फोडून घेतलं, डोळे का लपवले म्हणून, आणि तिथं लपवायला काहीच नव्हतं. मला आधी राग आला. मग आणखी एक संशय आला, की हे तू नुसतं त्याच्या तोंडून ऐकलंस, ते दोन चौकोन स्वतः कधी नीट बघितले नव्हतेस. बघितलेस का? लिही.

मी म्हटलं, आता कशावरून काढू? तो म्हणाला, "चौकोन आखू नकोस. यात उतरवण्यासारखं काही नाही. समोर बघून काढ."

समोर तोच होता.

शनिवारची अर्धी सुट्टी होती, त्या दिवशी बसलो. मी त्याला म्हटलं, मान वर करा. केली, पण नजर फरशीवर. म्हटलं, असे नाही, इकडे, माझ्याकडे. बराच वेळ लागला त्याला. मग बघितलं. कडक पेन्सिलनं मी श्वासाएवढी आखणी केली. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे. नव्या गिऱ्हाइकाच्या मालाकडे मिस्त्री बघतो, तसे. पण कुणी नजर काढली नाही.

अर्ध्यात मऊ पेन्सिल संपली. माझं दाबायचं जुनं खोड, बोटभरसुद्धा उरली नव्हती. त्यानं ते बघितलं आणि खोक्यावरून उठायला लागला. म्हणाला, "कोपऱ्यावर दुकान दिसलं होतं. आणतो."

मी म्हटलं, "बसा."

मी खाली वाकलो, त्याच्या पायातल्या चपला काढून घेतल्या, माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकल्या आणि कुलूप लावलं. माझा बाप अनवाणी बसला होता, पाय वर घेऊन, खाली लाकडाच्या कुसळ्या असतात म्हणून. मग मी स्वतः गेलो. जाताना चाललो, येताना पळत आलो. दुकानदाराला पेन्सिल कागदात गुंडाळूसुद्धा दिली नाही.

तो तिथंच होता.

डोळे झाले. डोळ्यातला उजेड एका बाजूनं ठेव, असं तो एकदाच म्हणाला, तेव्हा डावीकडचा ठिपका मी रबरानं उचलला. चित्र जोडून मागे फळी लावलीय. फळीचं काम तरी मला येतं. चावीवाल्यांना सांग, की प्रभू जरा संशयानं बघतो आहे असं वाटलं तर तो दोष माझा आहे. पण बघतो मात्र आपल्याकडेच, कुठल्याही बाकावर बसा. मिस्त्रीनं कारखानाभर फिरून खात्री केली.

मिस्त्रीनं चार दिवसांची रजा दिलीय. अठरा तारखेला आम्ही निघतो. आम्ही म्हणजे मी आणि मांजर नव्हे.

मी माफ केलेलं नाही, तेवढं तुझ्यासारखंच. पण एक मोजून बघितलं. कोपऱ्यावर जाऊन मऊ पेन्सिल घेऊन परत यायला वीस मिनिटं लागतात. येऊन-जाऊन वीस मिनिटं.

चपला अजून पेटीतच आहेत.

तुझा,
भोवरा